तुझं किती आलं? फिजिक्सच्या पेपरानंतर उत्तरं ताडून बघायची रीत

बारावीचा फिजिक्सचा पेपर सुटतो तेव्हा कोल्हापुरात ऊन तापलेलं असतं. केंद्राच्या फाटकातून बाहेर पडलेली पोरं रसवंतीची सावली गाठतात आणि ग्लास हातात यायच्या आधीच सुरू होतं, "त्या बबलचं तुझं किती आलं रं?" प्रश्न होता साबणाचा फुगा फुगवायला लागणाऱ्या कार्याचा. एकाचं ७५४. दुसऱ्याचं ७५.४. तिसरीचं सात पॉइंट पाच चार, टेन रेज टू मायनस फाइव्ह. चौथा गप्प. त्याचं ३.०२ आलंय, तेही टेन रेज टू मायनस फोर.

पहिल्या तिघांत भांडण लागायचं काही कारण नाही. एक जूल म्हणजे एक कोटी अर्ग, आणि दहा लाख मायक्रोजूल म्हणजे एक जूल. तेव्हा ७५४ अर्ग, ७५.४ मायक्रोजूल आणि ७.५४ गुणिले दहाचा उणे पाचवा घात जूल हे एकच उत्तर तीन वेशांत आलेलं आहे. चौथ्याचं चुकलंय, पण कुठं चुकलं ते त्याची उत्तरपत्रिका न बघता सांगता येतं. त्याच्या उत्तराला तिसरीच्या उत्तराने भागा. चार येतात. म्हणजे गड्याने व्यास दिला होता तो त्रिज्या समजून भरला.

ही काही जादू नाही. बहुतेक सूत्रांत राशींचा नुसता गुणाकार-भागाकार असतो: एखादी वर्गात, एखादी मुळाखाली, पुढे एखादा स्थिरांक. अशा सूत्रात एक जागा चुकली की ती चूक एका ठरावीक पटीत उत्तरात उतरते. त्रिज्येच्या जागी व्यास घातला आणि सूत्रात त्रिज्येचा वर्ग असला, की उत्तर चौपट होणारच, मग फुगा लिंबाएवढा असो की कलिंगडाएवढा. दोन उत्तरांची वजाबाकी केली तर हाती येणारा आकडा दिलेल्या किमतींवर अवलंबून असतो, त्यातून काही कळत नाही. भागाकार मात्र चुकीचा ठसा जसाच्या तसा दाखवतो. म्हणून उत्तरं ताडताना आधी दोन्ही उत्तरं एकाच एककात आणायची, मग मोठ्याला लहानाने भागायचं, आणि तिसऱ्या पायरीला वाद.

एक फुगा, अनेक चुका

वरचा प्रश्न जरा जवळून बघू. २ सेंटिमीटर व्यासाचा साबणाचा फुगा फुगवायला किती कार्य करावं लागेल? पृष्ठताण, म्हणजे मुलांच्या भाषेत सरफेस टेन्शन, ०.०३ न्यूटन प्रतिमीटर.

कार्य म्हणजे पृष्ठताण गुणिले वाढलेलं क्षेत्रफळ. गोलाचं क्षेत्रफळ चार पाय आर वर्ग. साबणाच्या फुग्याला आतून एक आणि बाहेरून एक असे दोन पृष्ठभाग असतात, म्हणून आठ पाय आर वर्ग. त्रिज्या १ सेंटिमीटर, म्हणजे ०.०१ मीटर, तिचा वर्ग ०.०००१. आता ८ × ३.१४२ × ०.०००१ × ०.०३ केलं की ०.००००७५४ जूल येतात. हे झालं बरोबर उत्तर.

दुसरा पृष्ठभाग विसरलेल्याचं याच्या निम्मं येणार, ३.७७ गुणिले दहाचा उणे पाचवा घात. व्यास हीच त्रिज्या समजणाऱ्याचं चौपट. सेंटिमीटरचे मीटर न करणाऱ्याचं दहा हजारपट, ०.७५४ जूल. १ सेंटिमीटर म्हणजे दहाचा उणे दुसरा घात एवढं लक्षात ठेवलं पण त्या घाताचा वर्ग करायला विसरला, तर शंभरपट. चार वेगळ्या चुका, चार वेगळे भागाकार.

यातल्या ०.७५४ जूलवाल्याला तर कुणाशी ताडून बघायचीही गरज नव्हती. तेवढ्या कार्यात ७७ ग्रॅमची वस्तू एक मीटर वर उचलता येते. साबणाचा फुगा फुगवायला एवढी ताकद लागली असती तर लहान पोरांना तो खेळ परवडला नसता.

आता खरी गंमत. एखाद्याने व्यास भरला आणि दुसरा पृष्ठभागही विसरला, तर काय होईल? चौपट आणि निम्मं मिळून दुप्पट. त्याचं उत्तर १.५१ गुणिले दहाचा उणे चौथा घात येईल आणि भागाकार २. आपण म्हणणार, "फक्त दोनचा गोंधळ दिसतोय," आणि तो एक चूक शोधत बसणार, मुळात आहेत दोन. त्यामुळे भागाकार हा पुरावा नव्हे, संशयिताचं नाव आहे. नाव कळलं की ती ओळ उघडून खात्री करायची.

ओळखीचे आकडे

दोन हा सगळ्यात बनेल आकडा. गतिज ऊर्जेतला अर्धा सुटला तरी दोन, केशनलिकेत त्रिज्येऐवजी व्यास घातला तरी दोन, थेंब आणि साबणाचा फुगा यांच्या आतल्या जादा दाबाची सूत्रं अदलाबदल केली तरी दोन. स्थिर तरंगात लागोपाठच्या दोन नोड्समधलं (न हलणाऱ्या बिंदूंमधलं) अंतर ही आख्खी तरंगलांबी धरली तरीही दोनच. भागाकार दोन आला तर लगेच निकाल देऊ नका, प्रकरण कोणतं होतं ते आधी विचारा.

१.४१४ त्या मानाने सरळ. एसी सर्किट असेल तर एकाने आरएमएस किंमत (वर्गांच्या सरासरीचं मूळ) घेतली आहे आणि दुसऱ्याने पीक, म्हणजे कमाल. घरातलं २३० व्होल्ट हे आरएमएस असतं, त्याचं पीक सुमारे ३२५ व्होल्ट. पॉवरच्या प्रश्नात हीच चूक वर्गात जाते आणि भागाकार पुन्हा दोन होतो. म्हटलं ना, बनेल आहे.

भागाकार ३.६ आला तर ताशी किलोमीटरचे मीटर प्रतिसेकंद करायचे राहिले. पण वेग सूत्रात बहुतेक वेळा वर्गात असतो, म्हणून ३.६ पेक्षा त्याचा वर्ग १२.९६ जास्त वेळा भेटतो. आंबा घाटातलं १०० मीटर त्रिज्येचं एक वळण धरा, गाडी ताशी ७२ किलोमीटर, रस्त्याला बँकिंग, म्हणजे आतल्या बाजूला उतार, किती द्यावं असा प्रश्न. (आंबा घाटात ७२ने वळण मारणाऱ्याचं पुढं काय होतं याची पेपर काढणाऱ्याला फिकीर नसते.) ७२ म्हणजे २० मीटर प्रतिसेकंद. टॅन थीटा म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या आणि जी (गुरुत्वत्वरण, ९.८) यांचा गुणाकार: ४०० भागिले ९८०, म्हणजे ०.४०८, कोन साधारण २२ अंश १२ मिनिटं. ज्याने ७२च भरले त्याचा टॅन ५.२९ आणि कोन ७९ अंशांच्या पुढं. इथं कोनाला कोनाने भागून काही हाती लागत नाही, साडेतीनच्या आसपास काहीतरी येतं आणि ३.६चा भलताच भास होतो. टॅनला टॅनने भागा, मग १२.९६ मिळतात. कोन, लॉगरिदम, घातांक यांच्या बाबतीत कायम एक पायरी मागं जाऊन, जिथं सूत्र गुणाकाराच्या रूपात आहे तिथं भागाकार करायचा.

फिरत्या वस्तूंचे आकडे आणखी खास आहेत. उद्यमनगरातल्या एखाद्या प्रेसचं फ्लायव्हील घ्या, मिनिटाला ३०० फेरे, जडत्वाघूर्ण २ एककं. फेऱ्यांना ६० ने भागून सेकंदाला ५, त्याला ६.२८ ने गुणून कोनीय वेग ३१.४ रेडियन प्रतिसेकंद, आणि गतिज ऊर्जा सुमारे ९८७ जूल. ज्याने ५ हाच कोनीय वेग धरला त्याला २५ जूल मिळाले; भागाकार ३९.५, म्हणजे ६.२८चा वर्ग. ज्याने ३००च भरले त्याला ९०,००० जूल, भागाकार ९१.२. वर्ग नसलेल्या सूत्रात हेच आकडे ६.२८ आणि ९.५५ असे दिसतात. ९.५५ कडे बघून पुष्कळांना वाटतं की जी कुठंतरी सुटला असेल. ९.८ आणि ९.५५ दिसायला जवळ, पण एकात वजन आणि वस्तुमानाची गल्लत आहे आणि दुसऱ्यात मिनिटाची आणि रेडियनची.

२.२४ दिसला, आणि प्रश्न दोरीला बांधून उभ्या वर्तुळात फिरवलेल्या दगडाचा असला, तर एकाने किमान वेग सर्वांत वरच्या बिंदूचा काढलाय आणि दुसऱ्याने खालच्या. वर त्रिज्या गुणिले जीचं वर्गमूळ, खाली त्याच्या पाचपटीचं. दोघांचं गणित बरोबर असू शकतं, प्रश्न वाचण्यात एकजण चुकला.

उतारावरून घरंगळणाऱ्या वस्तूंमध्ये १.२२ आला तर तबकडी घरंगळते आहे हे विसरून ती घसरवली आहे, १.१८ आला तर तीच चूक भरीव गोळ्याबाबत. इथं एक सोपी मर्यादाही आहे: घरंगळणाऱ्या कुठल्याही वस्तूचा तळाशी वेग, घर्षणाविना घसरणाऱ्या वस्तूच्या वेगापेक्षा कमीच असला पाहिजे, कारण थोडी ऊर्जा फिरण्यात जाते. ज्याचं उत्तर त्या मर्यादेच्या वर आहे त्याने वाद घालू नये.

दहाच्या घातांबद्दल फार बोलायला नको. भागाकार १० असेल तर अँगस्ट्रॉम आणि नॅनोमीटर, १,००० असेल तर लिटर आणि घनमीटर किंवा मिलिमीटर, दहा हजार असेल तर चौरस सेंटिमीटर, दहा लाख असेल तर घन सेंटिमीटर.

३.१६ आणि लॉग टेबलातला बार

बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्यातून एक आकडा जन्माला येतो तो इतर परीक्षांत क्वचित दिसतो: ३.१६. हा तीन पॉइंट चौदाचा पाय नव्हे. हे दहाचं वर्गमूळ आहे.

०.४८२ चं वर्गमूळ काढायचं आहे असं समजा. लॉग येतो बार एक पॉइंट ६८३०. बार म्हणजे फक्त पुढचा आकडा उणे, दशांशानंतरचा भाग अधिकच. याला दोनने भागायचं तर उणे एकला दोनने भाग जात नाही, म्हणून तो उणे दोन अधिक एक असा मोडायचा: बार दोन अधिक १.६८३०. आता निम्मं केलं की बार एक पॉइंट ८४१५, अँटिलॉग ०.६९४२. बरोबर.

घाईत मुलं बार एक तसाच ठेवतात आणि फक्त ६८३० चे निम्मे ३४१५ करतात. बार एक पॉइंट ३४१५ चा अँटिलॉग ०.२१९५. आकडा दिसायला अगदी शहाणासुरता, शंका येत नाही. पण ०.६९४२ भागिले ०.२१९५ बरोबर ३.१६. बार सम असता, म्हणजे ०.०४८२ चं मूळ काढायचं असतं, तर हीच घाई पचली असती: बार दोनचा निम्मा बार एक, आणि उत्तर ०.२१९५ अगदी योग्य. म्हणजे एका प्रश्नात सवय तारते आणि दुसऱ्यात तीच मारते. लॉग न वापरताही, दहाच्या विषम घाताचं मूळ काढताना तो घात आधी सम करून घेतला नाही की ३.१६ उगवतोच.

मूळ काढायचं नसेल आणि भागाकार बरोबर १० किंवा १०० आला असेल, तर बहुधा अँटिलॉगनंतर दशांशचिन्ह एखादं घर सरकलंय. चार अंकी लॉग टेबलात शेवटच्या, म्हणजे चौथ्या अंकात एक-दोनचा फरक पडतोच. २.४४९ आणि २.४५१ वरून एकमेकांशी अबोला धरू नये.

भागाकार एकाच्या जवळ आला तर

इथं दोघंही बरोबर असायची शक्यता सर्वांत जास्त, आणि भांडणंही इथंच सर्वांत जास्त.

१.०२ म्हणजे एकाने जी ९.८ घेतला आणि दुसऱ्याने १०. जी मुळाखाली असेल तर हाच फरक १.०१ होतो. सेकंद लोलकाच्या (एका बाजूचा झोका एका सेकंदात घेणाऱ्या) लांबीचा प्रश्न बघा: जी भागिले पायचा वर्ग. ९.८ आणि ९.८७ घेतले तर ०.९९३ मीटर. जी १० आणि पायचा वर्गही १० घेतला तर नेमका १ मीटर. जी १० पण पायचा वर्ग ९.८७ घेतला तर १.०१३ मीटर. तीन उत्तरं, एकाच लोलकाची. पेपरात जीची किंमत दिलेली असेल तर तीच घ्यायची, तिथं मतभेदाला जागा नाही. बोर्डाच्या पेपरात लागणारे स्थिरांक छापलेले असतात, ते बघायचा कंटाळा करणारे पुष्कळ. बाकी खऱ्याखुऱ्या कोल्हापुरात जी सुमारे ९.७८ आहे. आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचावर, त्यामुळे ९.८ हाही इथं किंचित जास्तच.

दुसरं कारण मधेच आकडे कापण्याचं. १.४१४ ला १.४ केलं आणि पुढच्या ओळीत त्याचा चौथा घात घ्यावा लागला, तर ४ ऐवजी ३.८४ मिळतात. चार टक्के गेले. कापायचं तर शेवटी कापा, मधे एक अंक जास्तच ठेवा.

या छोट्या फरकांना एक जागा अशी मिळते जिथं ते फुगतात, ती म्हणजे वजाबाकी. ४०० नॅनोमीटरचा प्रकाश, धातूचं कार्यफल (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) ३.०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट, बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची कमाल ऊर्जा काढा. क्लासमध्ये शिकवलेला १२४० चा शॉर्टकट वापरणारा १२४० ला ४०० ने भागून ३.१० काढतो आणि उत्तर देतो ०.१०. प्लँकचा स्थिरांक ६.६३, प्रकाशाचा वेग ३ आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६ धरून आख्खं गणित करणाऱ्याचं ३.१०८ येतं आणि उत्तर ०.१०८. वजाबाकीआधी दोघांत पाव टक्का फरक होता, वजाबाकीनंतर आठ टक्के झाला. दोघांपैकी कुणाची पद्धत चुकलेली नाही. जवळजवळच्या दोन संख्या वजा केल्या की उरलेला आकडा नेहमी असाच अवघड वागतो, त्यामुळे अशा प्रश्नात शेवटची उत्तरं सोडून वजाबाकीआधीची ओळ ताडायची. जेईई ॲडव्हान्स्डच्या अनेक अंकी प्रश्नांना उत्तरतालिकेत एक आकडा नसून अमुक ते अमुक असा पल्ला दिलेला असतो, तो अशाच फरकांसाठी.

भागाकाराला न जुमानणारे

फक्त चिन्ह उलटं असेल तर आधी विषय विचारा. वायूने केलेलं कार्य फिजिक्समध्ये अधिक धरतात आणि अंतर्गत ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता वजा कार्य असं लिहितात. केमिस्ट्रीच्या पुस्तकात प्रसरणाचं कार्य उणे असतं आणि सूत्रात अधिकचं चिन्ह. दोन्ही आपापल्या घरी बरोबर आहेत. दोन पेपरांत थोड्याच दिवसांचं अंतर असताना मुलं एकीकडचं सूत्र आणि दुसरीकडचं चिन्ह घेऊन येतात, तेव्हा मात्र उत्तर कुणाचंच राहत नाही.

कोनांत बेरीज करून बघा. दोघांच्या कोनांची बेरीज ९० भरली तर एकाने कोन पृष्ठभागाशी मोजला आणि दुसऱ्याने लंबाशी. चुंबकीय फ्लक्सच्या प्रश्नात कुंडलीचं प्रतल क्षेत्राशी ३० अंश करतं असं दिलं, तर सूत्रात कोसाइन ६० चा घ्यायचा, कारण सूत्र लंबाशी केलेला कोन मागतं. कोसाइन ३० घेणाऱ्याचं उत्तर १.७३ पट येतं. कोन ४५ दिला असेल तर दोघांचं सारखंच येतं आणि चूक पुढच्या पेपरापर्यंत लपून राहते.

तापमानात २७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन. केल्विन करायला विसरला तर रेणूंच्या आरएमएस वेगात ३.३३ पटीचा फरक दिसतो, पण स्टेफानच्या नियमात, जिथं तापमानाचा चौथा घात असतो, तिथं पंधरा हजारपटीचा. हा आकडा सूत्राच्या जोडीला दिलेल्या तापमानावरही ठरतो, म्हणून तो पाठ करण्यात अर्थ नाही.

आणि भागाकार २.३७ असा कुठल्याच घराण्यातला नसेल, तर बहुधा सूत्रच वेगळं आहे, किंवा दिलेला आकडा उतरवताना ३ चा ८ झालाय. अशा वेळी पूर्ण गणित पहिल्यापासून लावत बसू नका. मधोमध तोडा. किमती भरून झाल्यावरची ओळ दोघांची सारखी आहे का? असेल तर चूक पुढं, आकडेमोडीत. नसेल तर मागं. पुन्हा त्या अर्ध्याचं अर्धं. तीन-चार प्रश्नांत ओळ सापडते.

"आम्हा पाचजणांचं सेम आलंय, म्हणजे तुझंच चुकलं" हा युक्तिवाद मात्र ऐकून सोडून द्यावा. पाचही जण एकाच क्लासचे असतील तर पाचांकडे एकच शॉर्टकट असतो, आणि तो शॉर्टकट त्या प्रश्नाला लागू नसेल तर पाचही एकदम खड्ड्यात. वेगवेगळ्या वाटेने एकाच उत्तराला पोचलेले दोघं त्या पाचांपेक्षा भारी.

पर्याय, शिफ्ट आणि उत्तरतालिका

पर्यायांच्या परीक्षेत "माझं बी आलं" असं बोलण्यात काही हशील नाही. प्रश्नपुस्तिकेच्या कोडनुसार क्रम बदलतात, त्यामुळे अक्षर नको, मजकूर बोला. एमएचटी-सीईटी तर संगणकावर अनेक शिफ्टमध्ये होते. सकाळची शिफ्ट दिलेल्याने दुपारच्या मित्राशी प्रश्न ताडण्यात गंमत असेल, उपयोग नाही. तिथं फिजिक्सचे ५० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे, चुकीला गुण वजा होत नाहीत, आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. समजा एका शिफ्टला १०,००० मुलं होती आणि त्यातल्या ९,२०० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी असले, तर तुमचं पर्सेंटाइल ९२. शिफ्ट अवघड गेली तर ती त्या शिफ्टमधल्या सगळ्यांनाच गेली, म्हणून तुलना शिफ्टच्या आत होते. एखादा प्रश्न चुकल्याने किती पर्सेंटाइल घसरलं हे रसवंतीवर उभं राहून काढता येत नाही.

उत्तरतालिका आली की वाद मिटतो असंही नाही. २०२४ च्या 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतला अणूचा प्रश्न आठवा. दोन विधानं होती. अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतात, कारण त्यांत धन आणि ऋण प्रभार सारखे असतात, हे पहिलं. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात, हे दुसरं. युरेनियम, रेडियम यांचे अणू आपोआप फुटतात, त्यामुळे 'प्रत्येक' हा शब्द दुसऱ्या विधानाला बुडवतो. पण एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत ते विधान तसंच छापलेलं होतं. नव्या आवृत्तीत 'बहुतेक मूलद्रव्यांचे' अशी दुरुस्ती झाली. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने दोन्ही पर्यायांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या सांगण्यावरून दिल्ली आयआयटीच्या तीन तज्ज्ञांनी जुलै महिन्यात एकच पर्याय बरोबर ठरवला, आणि जुन्या पुस्तकावर विसंबलेल्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे पाच-पाच गुण गेले: मिळालेले चार परत, वर चुकीचा एक. ७२० पैकी ७२० मिळवलेल्यांतले ४४ जण याच प्रश्नामुळे तिथं होते. शेजाऱ्याशी उत्तर जुळत नसेल तर तो कुठल्या सालचं पुस्तक वाचून आलाय हेही विचारून घ्यायला हवं.

बोर्डात किती गेलं?

बारावीचा लेखी पेपर ७० गुणांचा, ३० प्रात्यक्षिकाचे. उदाहरण तीन गुणांचं असेल आणि शेवटचं उत्तर चुकलं, तर तीनही गेले असं धरू नका. सूत्र, किमती भरणं, आकडेमोड, एककासह उत्तर अशा टप्प्यांना गुण वाटलेले असतात. ३.१६ ची चूक करणाऱ्याचा शेवटचा टप्पा जातो. व्यास-त्रिज्येची चूक करणाऱ्याचा थोडा आधीचाही जातो. ज्याने सूत्र न लिहिता थेट उत्तर लिहिलं आणि ते चुकलं, त्याला वाचवायला काहीच उरत नाही. आणि एककाशिवाय लिहिलेलं ७.५४ हे अर्धवट उत्तर आहे, रसवंतीवर ते कितीही जुळलं तरी.

सर्वांत फुकटचे गुण जातात ते पहिल्या प्रश्नात. बहुपर्यायी प्रश्नांत पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं अशी सूचना पेपरावरच असते; नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर गुण नाही. शिवाय पहिला प्रयत्नच तपासला जातो, म्हणजे खोडून पुढच्या पानावर पुन्हा लिहिलेलं धरत नाहीत. उत्तरं ताडताना "बरोबर आलं का" याच्या आधी "कसं लिहिलंस" हे विचारा.

निकालानंतर गुण खरंच कमी वाटले, तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते. ती घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांचं काम कोल्हापूर विभागीय मंडळाकडे आहे. छायाप्रत हातात पडल्यापासून अर्जाला कामकाजाचे पाच दिवस मिळतात. त्या पाच दिवसांत शिक्षकांकडे जाताना, परीक्षेच्या दुपारी कागदाच्या तुकड्यावर लिहून ठेवलेली आपली उत्तरं आणि कोणता जी घेतला होता ती नोंद सोबत न्यावी. प्रश्नपत्रिकेवर काही लिहायला बंदी असते, त्यामुळे ती नोंद केंद्राबाहेर आल्या आल्या, रसाचा दुसरा ग्लास मागवायच्या आत करून टाकायची.